भांड्यांच्या टक्केवारीला आधार काय?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोणत्या भांड्यात शिजवल्यास अन्नातील पोषण किती टिकते, याची एक टक्केवारी समाजमाध्यमांवरून आणि भांड्यांच्या जाहिरातींतून सतत फिरत असते. मातीच्या भांड्यात शंभर टक्के, काशा-पितळेच्या भांड्यात नव्वदीच्या पुढे आणि प्रेशर कुकरमध्ये अवघे तेरा टक्के, असे तिचे साधारण स्वरूप असते. हे आकडे कोणी काढले, कोणत्या अन्नावर काढले आणि नेमका कोणता घटक मोजला, याचा त्यात कधीही उल्लेख नसतो. तरीही आरोग्यविषयक सदरांतून ते अधूनमधून जसेच्या तसे छापले जातात आणि त्यांवर विसंबून लोक चांगली, वापरातली भांडी माळ्यावर टाकून महागडी नवी भांडी घेतात. भांड्याच्या निवडीचा अन्नाच्या पोषणाशी संबंध निश्चित आहे. मात्र तो या टक्केवारीत दाखवला जातो तसा नाही, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आधी त्या तेरा टक्क्यांचेच पाहू. पोषण ही काही एकच वस्तू नव्हे की तिचे एकत्रित टक्के काढता यावेत. प्रथिने, पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ, खनिजे आणि जीवनसत्त्वे यांतील प्रत्येकाचा उष्णतेपुढचा स्वभाव निराळा असतो. लोह, कॅल्शियम, जस्त ही मूलद्रव्ये आहेत; स्वयंपाकाच्या आचेने ती नष्ट होत नाहीत, फार तर शिजवण्याच्या पाण्यात उतरतात. प्रथिनांची घडण उष्णतेने उलगडते आणि त्यामुळे ती बहुधा पचायला सोपीच होतात. घट्ट झाकणाच्या कुकरमधून बाहेर पडते ती केवळ वाफ. डाळीतले लोह आणि प्रथिने त्या वाफेबरोबर उडून गेली असे मानल्याशिवाय सत्त्याऐंशी टक्के पोषण नाहीसे होण्याचा हिशेब जुळतच नाही.

शिजवताना खरोखर धोका असतो तो मोजक्या घटकांना. क जीवनसत्त्व, थायमिन म्हणजे ब-१ आणि फोलेट ही त्यांतली प्रमुख नावे. ही तिन्ही पाण्यात विरघळणारी आहेत आणि उष्णतेने, कमी-अधिक वेगाने, नाश पावणारी आहेत. क जीवनसत्त्वाला हवेतला ऑक्सिजनही मानवत नाही. भाजीचा हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की क जीवनसत्त्व आणि थायमिन या दोन्हींचा नाश वाढतो, मग भांडे कोणतेही असो. थोडक्यात, किती वेळ, किती पाणी, किती हवा आणि किती आच, या चार गोष्टींवर बहुतेक सारे अवलंबून असते, आणि या चारांवर भांड्याचा जितका ताबा चालतो तितकेच त्याचे पोषणाच्या दृष्टीने महत्त्व.

या कसोटीवर कुकर नापास तर होत नाहीच, उलट तो बराच वरच्या क्रमांकावर येतो. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनमध्ये वाफेच्या दाबावर अन्न शिजवणारे भांडे दाखवले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. आत सुमारे एक वातावरणाइतका जादा दाब तयार झाला की पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. तापमान वाढल्याने जीवनसत्त्वे नष्ट होण्याचा वेग वाढतो हे खरे; परंतु शिजण्याचा वेळ त्याहून मोठ्या प्रमाणात घटतो, पाणी थोडेच लागते, आतली हवा सुरुवातीलाच वाफेबरोबर निघून जाते, आणि ते थोडे पाणीही पदार्थातच राहते. उघड्या पातेल्यात तासभर रटरटत ठेवलेल्या कडधान्यापेक्षा कुकरमधल्या कडधान्याचे थायमिन अधिक जाते असे मानायला त्यामुळे आधार नाही. उंच डोंगराळ भागात तर साध्या पातेल्यातले पाणी ३००० मीटर उंचीवर सुमारे ९० अंशांनाच उकळते. तिथे कडधान्य नीट शिजण्यासाठी कुकर जवळजवळ अपरिहार्य ठरतो.

कडधान्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन या प्रकारचे एक विषारी प्रथिन असते. ते पुरेशा उकळीने निष्प्रभ होते. पण मंद आचेवर अनेक तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यांत तापमान पुष्कळदा उकळीपर्यंत पोहोचतच नाही, आणि अशा अर्धवट शिजलेल्या राजम्याने जोरदार उलट्या झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणून राजमा भिजवून, ते पाणी टाकून, आधी खळखळून उकळून घ्यावा आणि मगच तसल्या भांड्यात घालावा. संथ शिजलेले ते सारेच सकस, या समजाला इथे तरी मर्यादा आहे.

आता साध्या पातेल्याकडे वळू. दुकानात भांडे हातात घेतल्यावर गिऱ्हाईक चकाकी पाहते आणि वजन पाहते. माझ्या मते सर्वांत आधी झाकण पाहावे. ते काठावर सपाट बसते का, हलवल्यास खडखडते का, वाफ एकाच बाजूने भसाभसा सुटेल इतकी फट राहते का, हे तिथल्या तिथे कळते. झाकण नीट बसत असेल तर भाजी तिच्या अंगच्या पाण्यात आणि वरून शिंपडलेल्या थोड्याशा पाण्यात शिजते, आणि ओतून द्यायला काही उरतच नाही. पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते हिरवट पाणी मोरीत ओतले, तर क जीवनसत्त्वाचा निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही मोठा वाटा त्याच पाण्याबरोबर जातो, आणि फोलेटही बरेच जाते. तीच भाजी जाळीवर ठेवून वाफवली तर हे नुकसान पुष्कळ कमी होते. त्यामुळे पोषणासाठी एकच नवी वस्तू घ्यायची झाली, तर घरातल्या पातेल्यात बसणारी वाफवण्याची साधी जाळी घ्यावी, असे मी सुचवीन. मायक्रोवेव्हला नावे ठेवणाऱ्यांनाही हे लागू आहे. झाकलेल्या काचेच्या भांड्यात थोड्या पाण्यावर काही मिनिटांत शिजलेल्या भाजीत क जीवनसत्त्व चांगलेच टिकते.

झाकणानंतर बूड. पातळ बुडाच्या भांड्यात आच ज्या जागी लागते त्याच जागी अन्न करपते आणि कडेला कच्चे राहते. मग ते सारखे शिजावे म्हणून आपण पाणी वाढवतो, वेळ वाढवतो, झाकण काढून ढवळत बसतो, म्हणजे नको असलेल्या सगळ्याच गोष्टी करतो. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले किंवा तळले गेले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड हे रसायन तयार होते, ही गोष्ट २००२ साली स्वीडनमधील संशोधनातून पुढे आली. करपलेल्या, काळपट डागांत त्याचे प्रमाण अधिक असते. आच सारखी पसरण्याच्या बाबतीत धातूंमधला फरक अफाट आहे: तांबे हे नेहमीच्या स्टेनलेस स्टीलच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते आणि अ‍ॅल्युमिनियम सुमारे १५ पट. म्हणूनच चांगल्या स्टीलच्या भांड्यात दोन पत्र्यांच्या मधे अ‍ॅल्युमिनियमचा जाड थर दाबून बसवलेला असतो. हा थर केवळ बुडाला असेल तर कडेच्या भागात अन्न लागण्याचा धोका उरतो. तो भिंतींपर्यंत वर गेलेला असेल तर भांडे सगळीकडून सारखे तापते.

आपल्या घरातले भांडे कसे तापते हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. कोरड्या भांड्यात कणकेचा किंवा कोणत्याही पिठाचा अगदी पातळ, सारखा थर पसरावा आणि मंद आचेवर ठेवावे. पीठ जिथे आधी तांबूस होते तिथे आच साचते. जाड, चांगल्या बुडाच्या भांड्यात ते सगळीकडे जवळजवळ एकदम रंग धरते. पातळ भांड्यात बर्नरच्या आकाराचे कडे उमटते आणि मधले पीठ पांढरेच राहते. नॉनस्टिक भांड्यावर मात्र हा प्रयोग करू नये, त्याचे कारण पुढे येईलच.

धातूंबद्दल बोलायचे तर पोषणात खरोखर भर घालू शकणारे भांडे एकच, ते म्हणजे लोखंडाचे किंवा बिडाचे. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सफरचंदाच्या गरातले लोह दर १०० ग्रॅममागे ०.३५ मिलिग्रॅमवरून बिडाच्या भांड्यात शिजवल्यावर ७.३८ मिलिग्रॅमवर गेल्याचे आढळले. टोमॅटोच्या सॉसमध्ये ते ०.६१ वरून ५.७७ वर गेले. पदार्थ जितका आंबट, ओलसर आणि जितका वेळ शिजणारा, तितके लोह अधिक उतरते. झटपट परतलेल्या कोरड्या पदार्थात ते फारसे येत नाही. हे लोह अंगी लागते का, हा रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या इथिओपियातील अभ्यासात मिळते. तिथे काही कुटुंबांना लोखंडाची आणि काहींना अ‍ॅल्युमिनियमची भांडी देण्यात आली. वर्षभरानंतर लोखंडाच्या भांड्यांत शिजवलेले खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढले होते, दुसऱ्या गटात ही वाढ केवळ ०.४ होती. रक्तक्षय असलेल्या घरांत याहून स्वस्त उपाय क्वचितच सापडेल.

मात्र या भांड्याचीही दुसरी बाजू आहे. भांड्यातून उतरणारे लोह वनस्पतिजन्य अन्नातल्या लोहासारखेच कष्टाने शोषले जाते. क जीवनसत्त्व सोबत असल्यास ते शोषण वाढते आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास घटते. गंमत अशी की हेच लोह गरम पदार्थातल्या क जीवनसत्त्वाचा नाश जलद करते. म्हणून लिंबू कढईत न पिळता पदार्थ खाली उतरवून, वाढून झाल्यावर पिळावे. शिजलेला आंबट पदार्थ लोखंडी कढईतच ठेवून देऊ नये. तो काळा पडतो आणि त्याला धातूची चव येते. ज्यांच्या शरीरात लोह आधीच साठत जाते, उदाहरणार्थ हिमोक्रोमॅटोसिसचे किंवा वारंवार रक्त चढवावे लागणारे थॅलेसेमियाचे रुग्ण, त्यांच्यासाठी ही भांडी योग्य नाहीत. आणि बिडावर काचेचा, म्हणजे इनॅमलचा मुलामा असेल तर ते भांडे उत्तम असते, पण लोह देत नाही. काही विक्रेते या दोन्हींचे गुण एकाच वाक्यात सांगतात, ते खरे मानू नये.

स्टेनलेस स्टीलविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि हाच त्याचा गुण. क्रोमियममुळे त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर तयार होतो आणि अन्नाशी ते जवळजवळ अलिप्त राहते. नव्या भांड्यात बराच वेळ शिजवलेल्या आंबट पदार्थात निकेल आणि क्रोमियम थोडे उतरतात आणि वापरागणिक ते प्रमाण घटत जाते. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तेवढी काळजी घ्यावी. मीठ पाण्याला उकळी आल्यावर घालावे, गार पाण्यात तळाशी पडून राहिलेल्या मिठाने बारीक खड्डे पडतात. लोहचुंबक चिकटला म्हणजे स्टील नकली, हा समज मात्र सोडून द्यावा. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या हलक्या प्रतीच्या स्टीललाही तो चिकटत नाही. उलट इंडक्शनवर चालावे म्हणून चांगल्या भांड्याच्या बुडाला मुद्दाम चुंबकीय थर दिलेला असतो.

अ‍ॅल्युमिनियमबाबत दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातून आंबट आणि खारट पदार्थांत तो धातू उतरतो, हे निर्विवाद आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ साली अ‍ॅल्युमिनियमच्या सेवनाची मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम अशी ठरवली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. अल्झायमर या आजाराशी त्याचा कार्यकारणसंबंध मात्र सिद्ध झालेला नाही. भात, बटाटे, कडधान्ये अशा सौम्य पदार्थांसाठी हे भांडे चालेल. टोमॅटो, चिंच, ताक यांसाठी ते टाळावे आणि शिजलेले अन्न त्यात साठवू नये. पृष्ठभागावर विद्युत प्रक्रियेने जाड ऑक्साइड चढवलेले, म्हणजे अ‍ॅनोडाइज्ड भांडे त्याहून बरे. खरी भीती वेगळीच आहे: भंगार वितळवून ओतलेल्या, कोणतीही खूण नसलेल्या भांड्यांत शिसे सापडते, आणि शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, मुलांसाठी तर नाहीच.

हाच शिशाचा प्रश्न चकाकी दिलेल्या मातीच्या भांड्यांतही येतो. ती चकाकी शिसेयुक्त असेल आणि नीट भाजलेली नसेल, तर आंबट पदार्थ शिसे ओढून घेतो. बिनचकाकीचे मातीचे भांडे या दृष्टीने बरे, आणि त्यात शिजलेल्या पदार्थाची चव मलाही आवडते. पण ते सावकाश तापते, अन्न त्यात अधिक वेळ आचेवर राहते, त्यामुळे क जीवनसत्त्वाच्या बाबतीत तरी त्याला शंभर टक्के गुण देता येणार नाहीत.

तांब्या-पितळेचे गोडवे गाताना कल्हईचा उल्लेख गाळला जातो, ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. उघड्या तांब्याचा अंश अगदी थोडा असला तरी तो क जीवनसत्त्वाचा झपाट्याने नाश करतो, आणि आंबट पदार्थात तांबे अपायकारक प्रमाणात उतरू शकते. ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ह्या बाळांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. त्यांना कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत उकळलेले दूध दिले जात असे, आणि ती भांडी बदलल्यावर हा आजार ओसरला. कल्हईचे कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून असे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये आणि तारेच्या घासणीने खरवडू नये. आतून तांबूस झाक दिसू लागली की पुन्हा कल्हई होईपर्यंत त्यात शिजवणे थांबवावे.

राहिले नॉनस्टिक. या भांड्यांवर सहसा टेफ्लॉनचा थर असतो. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलेले टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळते, पण त्याचा थर सुमारे २६० अंशांच्या पुढेच बिघडू लागतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथवर पोहोचतो, आणि आणखी तापल्यास निघणाऱ्या वाफांनी माणसाला ज्वरासारखा त्रास होतो, घरातले पाळीव पक्षी तर दगावतात. पिठाचा प्रयोग त्यावर करू नये तो याचसाठी. टेफ्लॉन बनवताना पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे रसायन २०१९ साली, दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आले आणि २०२३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात कर्करोग घडवणारे म्हणून वर्गीकृत केले. ‘पीएफओए-मुक्त’ असे खोक्यावर छापलेले असले तरी थर टेफ्लॉनचाच असू शकतो, हे ग्राहकाला कळायला हवे. मंद ते मध्यम आच आणि लाकडी उलथने, एवढे पथ्य पाळून अंड्यासारख्या पदार्थांसाठी ते जरूर वापरावे. पण त्याची ‘थेंबभरही तेल नको’ ही जाहिरात पोषणाच्या बाजूने जातेच असे नाही, कारण गाजरातले आणि पालेभाजीतले कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते) अंगी लागण्यासाठी जेवणात थोडा स्निग्धांश लागतोच.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. भांड्यांच्या उत्पादकांनी धातूची प्रत, बुडाची जाडी, आतल्या थराचे नाव आणि तो किती अंशांपर्यंत टिकतो, ही माहिती खोक्यावर स्पष्ट छापावी यासाठी आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा. आणि ‘इतके टक्के पोषण टिकते’ असा दावा करणारा मजकूर, मग तो लेख असो वा जाहिरात, छापण्यापूर्वी कोणत्या अन्नातला कोणता घटक, किती वेळ शिजवून आणि कशाच्या तुलनेत मोजला, याची लेखी उत्तरे संबंधितांकडून मागवावीत. ती मिळाली नाहीत तर आकडा गाळून उरलेला मजकूर छापावा.

कळावे,

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक